लव्हजॉयचं प्रकरण काढू नका : अभ्यासक्रम समितीला खुलं पत्र

सन्माननीय सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

मी एका जिल्ह्याच्या गावी कॉलेजात पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला जागतिक वृत्तपत्रांचा इतिहास शिकवते, तासिका तत्त्वावर, यंदा अकरावं वर्ष. कॉलेजचं, विद्यापीठाचं नाव इथं मुद्दाम घालत नाहीये, मला कुणाची बदनामी करायची नाहीये, एक निर्णय तेवढा बदलून हवाय. मागच्या महिन्यात सुधारित अभ्यासक्रमाची पीडीएफ आमच्या ग्रुपवर आली, मी सवयीनं आधी माझ्या पेपरचं पान उघडलं, तर तिसऱ्या घटकातलं एलायजा लव्हजॉयचं प्रकरण गायब. सहा तासिकांचं प्रकरण होतं ते. त्याच्या जागी शेवटी एक तक्ता आलाय, 'पाश्चात्त्य संपादक : एक दृष्टिक्षेप', त्यात बारा नावं, आणि सातव्या ओळीत लव्हजॉयच्या वाट्याला आलेत एवढेच शब्द : 'गुलामगिरीविरोधी संपादक, यादवी युद्धाच्या काळात जमावाकडून हत्या.'

मी लगेच फोन केला. पलीकडून अगदी सौम्य आवाजात उत्तर मिळालं की मॅडम, दोनशे वर्षांपूर्वीचा अमेरिकेतला माणूस, आपल्या पोरांना त्याचा काय उपयोग, शिवाय त्यात जमाव आला, धर्म आला, कशाला नको तो वाद. बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं हे मला कळत होतं. पण 'कशाला नको तो वाद' हे ऐकलं आणि मला झोप लागेना, कारण लव्हजॉयला हेच शब्द आधी कोणी ऐकवले ते मी अकरा वर्षं मुलांना सांगत आलेय. म्हणून हे पत्र, आणि सगळ्यांना वाचता येईल असं.

आधी माझा यात काय संबंध ते सांगते. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, कंपोझिटर होते, म्हणजे छपाईसाठी शिशाची सुटी अक्षरं, ज्यांना खिळे म्हणतात, ती जुळवणारे. तालुक्याच्या गावी एका छोट्या प्रेसमध्ये, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, आणि दर शनिवारी चार पानी साप्ताहिक. मराठी खिळ्यांची केस म्हणजे शेकडो घरं, काना वेगळा, वेलांटी वेगळी, जोडाक्षरं वेगळी, आणि अण्णांचा हात न बघता बरोबर त्या घरात जायचा. मी आठवीत असताना साप्ताहिकात रेशनच्या धान्याबद्दल एक बातमी आली. बातमीनंतर दोन दिवसांनी गावातली चार मोठी माणसं मालकांकडे येऊन चहा पिऊन गेली, म्हणाली गावाचं नाव खराब होतं, असलं छापू नका. पुढच्या शनिवारी बातमीचा दुसरा भाग छापला गेला आणि त्या रात्री कोणीतरी प्रेसचं कुलूप तोडून सगळ्या केसेस जमिनीवर उलट्या केल्या. मशीनला हात लावला नाही, फक्त खिळे. ते निवडायला तीन आठवडे लागले, मी शाळेतून आले की अण्णांच्या शेजारी सतरंजीवर बसून ध एका बाजूला, घ एका बाजूला करायची, बोटं शिशानं काळी व्हायची. तीन आठवड्यांनी अंक निघाला. मी पत्रकारिता शिकवते ती त्या सतरंजीवर बसले होते म्हणून.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार तारखेची. ही चूक साधी नाहीये. लव्हजॉयला मारलं ७ नोव्हेंबर १८३७ ला, इलिनॉय राज्यातल्या ऑल्टन गावात. अमेरिकेचं यादवी युद्ध सुरू झालं १८६१ मध्ये, म्हणजे चोवीस वर्षांनी. तुमच्या ओळीनं मुलांना काय वाटणार, की युद्ध चालू होतं, लाखो मेले, त्यात एक संपादकही गेला. पण ते दिवस शांततेचे होते. गावात मेयर होता, कोर्ट होतं, चर्चं होती, दुकानं उघडी होती. आणि इलिनॉय हे गुलामगिरी नसलेलं राज्य होतं, नदीच्या पलीकडे मिसूरी होतं तिथे गुलामगिरी कायदेशीर होती, लव्हजॉय तर पलीकडून अलीकडे सुरक्षित जागा म्हणून आला होता. हे सगळं त्या 'यादवी युद्धाच्या काळात' या शब्दांनी पुसून जातं. कृपा करून बाकी काही नाही केलंत तरी ही ओळ दुरुस्त करा.

दुसरी तक्रार 'गुलामगिरीविरोधी संपादक' या बिरुदाबद्दल. बिरुद खोटं नाही, पण तो जन्मतः तसा होता असं वाटतं, आणि मुलांना शिकवण्यासारखं जे आहे ते नेमकं मधल्या प्रवासात आहे. हा मुलगा अमेरिकेतल्या मेन नावाच्या राज्यातल्या अल्बियनचा, जन्म ९ नोव्हेंबर १८०२, वडील पाद्री, वॉटरव्हिल कॉलेजातून १८२६ ला पहिल्या नंबरानं पास झाला, आज ते कॉलेज कोल्बी म्हणून ओळखतात. मग नशीब काढायला पश्चिमेकडे सेंट लुईसला गेला, शाळा चालवली, १८३० ला 'सेंट लुईस टाइम्स'मध्ये भागीदार आणि संपादक झाला. हा पेपर राजकीय होता आणि त्यात गुलामांच्या जाहिराती छापल्या जायच्या. एवढंच नाही, त्याच्या छापखान्यात मालकाकडून भाड्यानं घेतलेला एक गुलाम पोरगा काम करायचा, विल्यम वेल्स ब्राऊन. हा ब्राऊन १८३४ च्या १ जानेवारीला पळून स्वतंत्र झाला आणि पुढे मोठा लेखक झाला. त्यानं आपल्या आत्मकथनात लिहून ठेवलंय की लव्हजॉय हा मला मिळालेला सगळ्यात चांगला मालक, आणि गुलामीत असताना मला जे काही थोडं शिकता आलं ते त्याच्यामुळे आणि त्या छापखान्यामुळे.

त्याच आत्मकथनात एक प्रसंग आहे, तो मी वर्गात दरवर्षी वाचते. ब्राऊनला दुसऱ्या पेपरच्या ऑफिसातून खिळ्यांचा जड फर्मा, म्हणजे जुळवलेले खिळे आवळून बसवलेली चौकट, घेऊन यायला पाठवलं होतं. वाटेत गुलाममालकांच्या पोरांनी त्याला बर्फाचे गोळे मारायला सुरुवात केली. हातात फर्मा, पळता येईना, मग त्यानं फर्मा खाली ठेवला आणि मारामारी केली, शेवटी पोरं जास्त होती म्हणून पळावं लागलं आणि फर्मा त्यांच्या ताब्यात गेला. तो घाबरून लव्हजॉयकडे आला. लव्हजॉय एका शिकाऊ मुलाला घेऊन स्वतः गेला आणि फर्मा परत घेऊन आला, पण येताना निरोपही घेऊन आला की तू ज्या पोराला मारलंस त्याचा बाप तुला चाबकानं मारणार म्हणतोय. आणि त्या बापानं पुढे ब्राऊनला गाठून काठीनं रक्तबंबाळ होईस्तोवर मारलं. बघा, फर्मा सोडवून आणता आला, पोराला वाचवता आलं नाही, कारण पोरगा दुसऱ्याच्या मालकीचा. लव्हजॉय तेव्हा भला माणूस होता, आणि तरीही त्या सगळ्या व्यवस्थेचा भाग होता. फर्मा किती जड असतो ते मला माहितीय, अण्णा दोन हातांनी छातीशी धरून न्यायचे, हा प्रसंग वाचताना माझा आवाज दरवर्षी बसतो.

१८३२ मध्ये त्याच्या मनावर धार्मिक प्रवचनांचा मोठा परिणाम झाला, टाइम्स सोडला, प्रिन्स्टनला जाऊन धर्मशिक्षण घेतलं, प्रवचनाचा परवाना मिळवला आणि परत सेंट लुईसला येऊन २२ नोव्हेंबर १८३३ ला 'ऑब्झर्व्हर' हा धार्मिक पेपर सुरू केला. ज्या साली तो असा पालटत होता त्याच साली, ६ जानेवारी १८३२ ला, आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढला होता, मुलांना काळ लक्षात राहावा म्हणून मी हे शेजारी शेजारी फळ्यावर लिहिते. आणि लव्हजॉय संत नव्हता हेही मी लपवत नाही. कॅथलिक लोकांवर त्यानं जे लिहिलं ते आज वाचवत नाही, इतका द्वेष आहे त्यात. गुलामगिरीबद्दलही तो सुरुवातीला हळूहळू मुक्ती द्यावी एवढंच म्हणायचा, मी काही ॲबॉलिशनिस्ट, म्हणजे गुलामगिरी ताबडतोब बंद करा म्हणणारा, नाही असं छापून सांगायचा. अशा माणसाला लोकांनी ढकलत ढकलत कुठे नेलं ते सहा तासिकांत समजतं, तक्त्याच्या एका ओळीत कसं समजणार?

तिसरी तक्रार माझ्यासाठी सगळ्यात मोठी. 'जमावाकडून हत्या' असं लिहून तुम्ही गोष्ट शेवटापासून सुरू केलीत. जमाव सगळ्यात शेवटी आला हो. सगळ्यात आधी आलं एक सभ्य पत्र. ऑक्टोबर १८३५ मध्ये सेंट लुईसच्या काही प्रतिष्ठित नागरिकांनी त्याला लिहिलं की गुलामगिरीच्या विषयावर तुम्ही मौन बाळगावं, वातावरण तापलंय, सगळ्यांचं हित त्यात आहे. सही करणाऱ्यांत पाद्री होते, त्याचे हितचिंतक होते, हॅमिल्टन गॅम्बलसारखा वकील होता जो पुढे यादवी युद्धात मिसूरीचा गव्हर्नर झाला आणि राज्य संघराज्याच्या बाजूनं ठेवलं. वाईट माणसं नव्हती ती. मग नागरिकांची सभा झाली, ठराव झाला की भाषणस्वातंत्र्य घटनेत आहे हे खरं पण त्याचा अर्थ असा नाही की या विषयावर चर्चा करण्याचा नैतिक हक्क कुणाला मिळतो. ५ नोव्हेंबरच्या अंकात लव्हजॉयनं उत्तर छापलं की गप्प बसणार नाही.

मग २८ एप्रिल १८३६. फ्रान्सिस मॅकिन्टॉश नावाचा एक स्वतंत्र काळा माणूस, बोटीवर काम करणारा. अटकेच्या झटापटीत त्यानं चाकू चालवला, एक अधिकारी मेला, एक जखमी झाला. जमावानं त्याला तुरुंगातून काढून झाडाला साखळीनं बांधलं आणि मंद आगीवर जिवंत जाळलं. प्रकरण ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर, आलं तेव्हा न्यायाधीश लॉलेस यांनी ज्युरीला सांगितलं की थोड्या लोकांनी केलं असेल तर खटला भरा, पण असंख्य लोकांनी एका विजेसारख्या आवेशात केलं असेल तर ते माणसाच्या कायद्याच्या पलीकडचं आहे. वर 'ऑब्झर्व्हर'सारख्या पेपरांनाच दोष दिला. लव्हजॉयनं त्यावर टीका केली, न्यायाधीशांच्या कॅथलिक असण्यावरही घसरला, ते चुकलंच त्याचं, पण मुख्य मुद्दा त्याचा बरोबर होता. जुलैमध्ये त्याचं ऑफिस फोडलं. तो कुटुंब घेऊन ऑल्टनला निघाला, मशीन बोटीनं पुढे आलं, रविवार होता म्हणून धक्क्यावरच राहू दिलं, आणि रात्रीत कोणीतरी ते मिसिसिपीत लोटलं. हे पहिलं मशीन.

दुसरं मशीन गावकऱ्यांच्या मदतीनं आलं, ८ सप्टेंबर १८३६ ला 'ऑल्टन ऑब्झर्व्हर'चा पहिला अंक निघाला. ऑल्टनचा सगळा व्यापार नदीवर, सेंट लुईसवर आणि दक्षिणेवर, त्यात १८३७ ची मंदी आली, लोकांना वाटायला लागलं हा पेपर आपलं पोट मारतोय. जुलैमध्ये त्यानं इलिनॉयमध्ये गुलामगिरीविरोधी संघटना व्हावी म्हणून लिहिलं आणि २१ ऑगस्टला दुसरं मशीन गेलं. त्याच संध्याकाळी तो आजारी बायकोचं औषध घेऊन घरी येत होता तेव्हा टोळक्यानं त्याला अडवलं. तो म्हणाला मला काय करायचं ते करा, पण तुमच्यापैकी कोणीतरी आधी हे औषध माझ्या बायकोला नेऊन द्या आणि तिला घाबरवू नका. त्यांनी त्याला सोडून दिलं. २१ सप्टेंबरला तिसरं मशीन आलं, गोदामात ठेवलं, मेयरनं रात्री पहारा ठेवला, पहारेकरी घरी गेला आणि तोंडाला रुमाल बांधलेल्या दहा-वीस जणांनी ते फोडून नदीत टाकलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सासुरवाडीला सेंट चार्ल्सला लोक घरात घुसले, तेव्हा त्याची बायको सीलिया, जी आधीच खंगलेली होती, हातांनी ठोसे मारत त्यांच्या अंगावर गेली. तिचं नाव तर आपल्या जुन्या अभ्यासक्रमातही नव्हतं, हे मी इथं नोंदवून ठेवते.

आता २ आणि ३ नोव्हेंबर १८३७. गावातल्या मोठ्या लोकांची बैठक. राज्याचा ॲटर्नी जनरल अशर लिंडर तिथे, मेयर तिथे. इलिनॉय कॉलेजचे प्राचार्य एडवर्ड बीचर यांनी मांडलं होतं की मत कुठलंही असो, छापण्याचा हक्क राखला पाहिजे. समिती नेमली, राज्याच्या एका सिनेटरच्या अध्यक्षतेखाली, आणि समितीचा अहवाल आला की शांततेसाठी लव्हजॉयनं या गावात पेपरशी संबंध ठेवू नये. समिती, सदस्यहो. दगड हातात घेतलेला एकही माणूस त्या खोलीत नव्हता, सगळे शिकलेले, सगळ्यांना गावाची काळजी. लव्हजॉय उभा राहून रडत बोलला, म्हणाला मी गुन्हा केला असेल तर कायद्यानं शिक्षा करा, पण मी इथून पळणार नाही, मरायचंच असेल तर माझी कबर ऑल्टनमध्येच होईल. सहा दिवसांनी झाली. माझ्या वर्गातली मुलं इथं नेहमी गप्प होतात आणि मग कोणीतरी विचारतं की त्या समितीतल्या लोकांनी नंतर काय केलं.

७ नोव्हेंबरच्या पहाटे चौथं मशीन बोटीनं आलं आणि गॉडफ्री आणि गिल्मन यांच्या दगडी गोदामात वर चढवलं. रात्री आत वीसेक माणसं, बंदुका घेऊन. जमाव आला, मशीन द्या म्हणाला, आतून नाही म्हणाले. दगड, मग गोळ्या, जमावातला बिशप नावाचा तरुण मेला. मेयर मध्ये पडला, आत जाऊन निरोप सांगितला की मशीन दिलंत तर कुणाला इजा होणार नाही, नाही म्हणाले. मग बाहेर शिडी लावून लाकडी छपराला आग लावायला माणूस चढला. शिडी ढकलायला लव्हजॉय आणि रॉयल वेलर बाहेर आले, आणि लव्हजॉयला पाच गोळ्या लागल्या. मशीन खिडकीतून खाली टाकलं, तोडलं, नदीत फेकलं. ९ नोव्हेंबरला त्याला पुरलं, त्या दिवशी तो पस्तीस वर्षांचा झाला असता. मुलगा दीड वर्षाचा होता.

चौथी तक्रार, पुढचं काहीच नाही. जानेवारी १८३८ मध्ये खटले झाले, आणि आधी कोणावर, तर मशीनचा बचाव करणाऱ्यांवर. गिल्मन निर्दोष सुटला, दोनच दिवसांनी हल्ला करणारेही सुटले. कोणालाही शिक्षा झाली नाही. पण बॉस्टनमध्ये ८ डिसेंबर १८३७ ला वेंडेल फिलिप्स नावाचा तरुण वकील लव्हजॉयच्या बाजूनं उभा राहिला आणि आयुष्यभरासाठी चळवळीत आला. २७ जानेवारी १८३८ ला स्प्रिंगफिल्डमध्ये अब्राहम लिंकन, अजून तिशीही गाठलेली नव्हती, तरुणांसमोर बोलला की लोक छापखाने नदीत फेकायला आणि संपादकांना गोळ्या घालायला लागले, आणि असं करून सहीसलामत सुटायला लागले, तर हे सरकार टिकणार नाही. लव्हजॉयचा धाकटा भाऊ ओवेन अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत गेला, लिंकनचा मित्र झाला. आणि गॅरिसन, जो स्वतः गुलामगिरीविरोधी पेपरचा संपादक, त्यानं लव्हजॉयसाठी शोक केला आणि तरीही लिहिलं की बंदूक हातात घ्यायला नको होती. यावर माझ्या वर्गात दरवर्षी दीड तास भांडण होतं. मी कोणाच्या बाजूनं बोलत नाही, मुलांना बोलू देते. तो दीड तास तुम्ही काढून घेतलात.

पाचवी, 'आपल्या पोरांना काय उपयोग'. सदस्यहो, जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक कोणाला अर्पण केलं? निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या, त्याग करणाऱ्या अमेरिकेतल्या सद्गृहस्थ लोकांना. पुण्यात बसून जोतीरावांना त्या लोकांत आणि आपल्या शूद्रातिशूद्रांच्या कामात नातं दिसलं आणि त्यांनी ते पहिल्याच पानावर छापलं. ते झटणारे लोक कोण होते, त्यांनी काय भोगलं, हे पत्रकारितेच्या मराठी मुलाला कळायला नको? जोतीरावांना जो विषय परका वाटला नाही तो आपल्याला दीडशे वर्षांनी परका कसा वाटायला लागला हे मला खरंच समजत नाहीये.

माझी मुलं वाड्या-वस्त्यांवरून येतात. बरेच जण मोबाईलवर गावच्या बातम्यांचे चॅनल चालवतात. गेल्या वर्षी एकानं ओढ्यातल्या वाळूचा व्हिडिओ टाकला, आधी घरी समजूत घालायला माणसं आली, वडिलांना म्हणाली पोराला सांभाळा, मग आठवड्यानं त्याचा फोन हिसकावून विहिरीत टाकला. तो वर्गात आला आणि त्यानं मला विचारलं, मॅडम, त्यानं चौथं मशीन कशाला मागवलं? मला पहिल्या वर्षांत या प्रश्नाचं मोठं मोठं उत्तर द्यायची सवय होती, तत्त्व, स्वातंत्र्य वगैरे. त्या दिवशी मला ते जमेना. घरी येऊन अण्णांना विचारलं, तेव्हा ते अंथरुणावर होते, बोलणं कमी झालं होतं. ते म्हणाले, वर्गणीदारांचे पैसे घेतले असतील ना त्यानं, अंक नको द्यायला? दुसऱ्या दिवशी मी हे त्या मुलाला सांगितलं. त्यानं हप्त्यानं जुना फोन घेतलाय आणि व्हिडिओचा दुसरा भाग टाकलाय. अण्णा या उन्हाळ्यात गेले.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

लव्हजॉयचं प्रकरण तिसऱ्या घटकात परत घ्या. सहा तासिका शक्य नसतील तर चार द्या, पण तक्त्यातली ओळ म्हणजे प्रकरण असं म्हणू नका. ती ओळ राहणारच असेल तर 'यादवी युद्धाच्या काळात' हे शब्द आजच काढा, परीक्षेला चुकीचं उत्तर बरोबर धरलं जाईल याची मला भीती वाटते.

प्रकरण शिकवताना १८३५ चं नागरिकांचं पत्र, लॉलेस यांचं ज्युरीपुढचं भाषण आणि ३ नोव्हेंबरचं लव्हजॉयचं भाषण ही तिन्ही मराठीत मुलांच्या हातात द्या. सोबत ब्राऊनचा तो फर्म्याचा प्रसंग. हे सगळं इतकं जुनं आहे की परवानगीचा प्रश्न येत नाही. त्याचे दोष, म्हणजे कॅथलिकांबद्दलचं लिखाण आणि गुलामांच्या जाहिरातींचा काळ, वगळू नका. सीलियाचं नाव घाला.

आणि प्रकरण का काढलं ते आम्हा शिकवणाऱ्यांना लेखी कळवा. फोनवर नको. बैठकीच्या इतिवृत्तात जे कारण लिहिलं असेल तेच कळवा, म्हणजे आम्हाला त्यावर उत्तर देता येईल.

भाषांतराचा खर्च लागणार नाही. ते मी करून ठेवलंय, एकवीस पानं झालीत, मानधन नको, फक्त कोणीतरी जाणकारानं तपासून द्या. सोबत एक फोटोही देईन, चौथ्या मशीनच्या सांगाड्याचा. तो तुकडा १९१५ मध्ये नदीच्या तळातून निघाला, अठ्ठ्याहत्तर वर्षं पाण्यात होता. मुलांना तो फोटो दाखवला की ती आधी विचारतात, एवढंसं मशीन होतं?

पुढच्या बैठकीची तारीख कळवा, मी स्वतःच्या खर्चानं येईन आणि दहा मिनिटांत म्हणणं मांडेन. नोव्हेंबरच्या आत उत्तर मिळालं तर बरं होईल, दर ७ नोव्हेंबरला मी वर्गात ते भाषण वाचते आणि यंदाची मुलं आत्तापासून विचारतायत की होणार का.

आपली विश्वासू,
पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाची एक शिक्षिका